आधी वही आणा, तबकडी नंतर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ चाळिशीचे, राहायला जुळे सोलापुरात, नोकरी बँकेत. भाऊ अमेरिकेत असल्यामुळे त्यांना बेसबॉलची गोडी लागली आणि आता ते पहाटे साडेचारला उठून मोबाइलवर सामने बघतात. त्यात गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांची लाकडी पेटी उतरली. आत साठेक रेकॉर्डी, बहुतेक शास्त्रीय गाण्याच्या, त्यातली एक तडकलेली. घरचे म्हणतात, काहीतरी एक धर. मित्र म्हणतात, सोलापुरात राहून बेसबॉल कसला बघतोस? त्यांना जाणून घ्यायचंय की हे दोन्ही छंद जन्मभर टिकतील का, सुरुवात कुठून करायची, पैसा किती घालायचा आणि ती तडकलेली रेकॉर्ड फेकून द्यायची का.

मी ६७ वर्षांचा, शाळेतून निवृत्त झालेला पी.टी. मास्तर. हेच दोन छंद मी चाळीस वर्षांच्या आसपास सांभाळले. दोन्हींत चुका भरपूर केल्या, म्हणून सांगायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

पहिलं उत्तर लगेच देतो. दोन्ही टिकतील, पण एका अटीवर. तुम्ही लिहायला लागलात तर. माझ्या ओळखीत रेकॉर्डी जमवणारे दहा-बारा जण होते. ज्यांनी नुसत्या जमवल्या, त्यांच्या रेकॉर्डी आज पलंगाखाली आहेत किंवा भंगारात गेल्या. ज्या दोघांनी वही ठेवली, ते अजून रोज ऐकतात. खेळाचंही तेच. नुसता सामना बघणारा दोन हंगामांत कंटाळतो. स्कोअर लिहिणारा कंटाळत नाही, कारण त्याच्या हाताला काम असतं. म्हणून नवीन टर्नटेबल, नवीन ग्लोव्ह, काहीही घेण्याआधी दोन जाडजूड वह्या घ्या. नवी पेठेतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतील.

आधी खेळाचं बोलू.

मला बेसबॉल सॉफ्टबॉलमधून आला. १९८४ साली शारीरिक शिक्षणाची पदवी करताना सॉफ्टबॉल शिकावा लागला. चेंडू १२ इंच घेराचा, पिचर खालून हात फिरवून टाकतो, बेस म्हणजे धावपटूनं गाठायच्या जागा, त्यांच्यातलं अंतर ६० फूट, डाव सात. बेसबॉलमध्ये चेंडू ९ ते सव्वानऊ इंचांचा, बेस ९० फुटांवर, पिचरपासून होम प्लेट, म्हणजे फलंदाजापुढची पाटी, ६० फूट ६ इंच आणि डाव नऊ. पोरांना घेऊन मी होम मैदानावर जायचो. 'होम मैदानावर होम प्लेट आखली' हा माझा विनोद त्या काळी शाळेत बराच चालला; आता माझ्याशिवाय कुणाला हसू येत नाही. संक्रांत जवळ आली की सिद्धेश्वराच्या गड्ड्याची, म्हणजे जत्रेची, तयारी सुरू व्हायची, पाळणे यायचे, आणि आमचा सराव महिनाभर बंद. पिचर जिथं उभा राहायचा तिथं भजीचा स्टॉल.

ग्लोव्ह एकच, तोही सेकंडहँड. नवा ग्लोव्ह पुठ्ठ्यासारखा कडक असतो, चेंडू आत थांबतच नाही. त्याला थोडं व्हॅसलीन चोळायचं, मधोमध चेंडू ठेवायचा, मूठ मिटल्यासारखा तो मिटवायचा आणि घट्ट बांधून गादीखाली आठवडाभर ठेवून द्यायचा. आम्ही बांधायला सोलापुरी चादरीची फाटलेली किनार वापरायचो, तिच्याइतकी पक्की पट्टी दुसरी नाही. तुम्ही ग्लोव्ह घेतलाच असेल तर एवढं करा आणि एप्रिल-मेमध्ये तो खिडकीत ठेवू नका. आपल्याकडचं ऊन कातड्याला महिन्याभरात भेगा पाडतं.

चेंडू हातात घेऊन एकदा शिवण मोजा. लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेचे चेंडू कोस्टारिकात शिवले जातात, आणि आजही हातानंच. आमच्या शेजारी एक बुजुर्ग पद्मशाली विणकर राहायचे. त्यांनी चेंडू बोटांत फिरवत सगळे टाके मोजले, मग म्हणाले, 'जपमाळ आहे की ओ ही.' पुढे कितीतरी दिवस त्यांना वाटायचं की हा खेळ कुठल्यातरी पंथाचा आहे. पहाटे माझ्या खोलीत दिवा दिसला की भिंतीपलीकडून विचारायचे, 'काय करलालाव मास्तर, एवढ्या पहाटे?' मी सांगायचो, 'पूजा.' त्यांना पटायचं.

आता तुमच्या झोपेबद्दल, कारण त्याचा विचार केला नाहीत तर छंद वर्षभरात सुटेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला पडतो. हंगाम मार्चअखेर ते सप्टेंबर, आणि एकेका संघाचे १६२ सामने. रोज उठलात तर बँकेत नोटा मोजताना डुलक्या घ्याल. मी आठवड्यातून दोनच पहाटा ठेवल्या. बाकी पश्चिम किनाऱ्यावरचे सामने साडेसातच्या पुढं सुरू होतात, ते सुट्टीच्या दिवशी चहासोबत बघता येतात. तिकडं शनिवार-रविवारी दुपारी खेळतात, तो सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो. आणि जपान-कोरिया विसरू नका. जपानमधला संध्याकाळी सहाचा सामना आपल्याकडे दुपारी अडीचला, कोरियातला साडेसहाचा तीनला. मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही तेव्हा पडदे ओढून, पंख्याखाली बसून जपानी बेसबॉल बघणं हे माझं निवृत्तीनंतरचं मोठं सुख आहे. भाषा कळत नाही, पण आकडे कळतात.

आकड्यांवरून वहीकडे येतो. बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला नंबर असतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून बाहेरचे तिघं ७, ८, ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो, तरी त्याचा नंबर तिसऱ्या बेसनंतर येतो. नव्या माणसाची पहिली चूक तिथंच होते. समजा पहिल्या बेसवर धावपटू आहे. फलंदाजानं जमिनीलगत चेंडू मारला, शॉर्टस्टॉपनं उचलला, दुसऱ्या बेसवाल्याकडे टाकला, त्यानं बेसवर पाय ठेवून पहिल्याकडे फेकला. दोघं बाद. वहीत एवढंच लिहायचं: ६-४-३. वीस वर्षांनी ते पान उघडलं तरी ते तीन फटके कानात वाजतात. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाला, की इंग्रजी 'के' लिहितात. फलंदाज बॅट न फिरवता नुसता बघत राहिला आणि पंचानं तिसरा स्ट्राइक दिला, तर तोच 'के' उलटा. त्याची फजिती अक्षरातच उतरते.

ही नोंदीची पद्धत ज्यानं रुजवली तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. 'स्ट्रक'मधलं शेवटचं अक्षर घेऊन 'के' त्यानंच आणला. तेव्हा क्रिकेटच्या गावात बेसबॉल कसला, असं म्हणणाऱ्या तुमच्या मित्रांना हे सांगा. बेसबॉलची वही क्रिकेटवाल्यानं आखली. आपल्या पार्क स्टेडियमवर रणजीचा स्कोअर लिहिणारा आणि मी एकाच गोत्रातले.

माझ्या वह्यांतलं एक पान दाखवतो. २७ ऑक्टोबर २०१८, शनिवार. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामानंतरच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना, लॉस एंजेलिस डॉजर्स आणि बोस्टन रेड सॉक्स. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या पुढं सुरू झाला. माझ्या स्कोअरशीटवर बारा डावांचे रकाने आखलेले असतात. नऊ डावांनंतर १-१ अशी बरोबरी, म्हणून डाव वाढत गेले. बाराव्या डावानंतर रकाने संपले, तेव्हा घरात आंघोळी आटोपून स्वयंपाकाला सुरुवात झाली होती. मी नातवाच्या गणिताच्या वहीतलं चौकटीचं पान फाडलं आणि डिंकानं उजवीकडे चिकटवलं. तेराव्या डावात दोन्ही संघांची एकेक धाव, पुन्हा बरोबरी. बोस्टनचा नेथन इओवाल्डी मधे आला होता तो टाकतच राहिला, सहा डावांहून जास्त, ९७ चेंडू. अठराव्या डावात मॅक्स मन्सीनं त्यालाच होम रन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर. ३-२. सामना ७ तास २० मिनिटं चालला, इथं दुपारचा एक वाजत आला होता. त्या चिकटवलेल्या पानावर तेलाचा एक डाग आहे, कारण सौ. नं ताटलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवली होती आणि मी एका हातानं जेवत होतो. पुढं मालिका बोस्टननंच जिंकली. पण त्या पानावर, हार त्याच्या नावावर लागली म्हणून, इओवाल्डीपुढं मी पेन्सिलीनं लहानसा शून्य काढलाय, आणि तो अजून बघवत नाही. हा सामना तुम्हाला आज कुठंही बघायला मिळेल. तो डाग असलेलं पान मात्र माझ्याकडेच आहे.

खेळायचंही बघा. नुसतं बघत बसू नका. तुम्ही चाळिशीत आहात, खांदा शाबूत आहे. रविवारी सकाळी कुणाला तरी समोर उभं करून वीस मिनिटं फेकाफेकी करा. सुरुवात पंधरा पावलांवरून, हळूहळू लांब. मी साठीनंतर जोरात फेकणं सोडलं, कारण एका सकाळी खांद्यानं साफ नकार दिला. झेलणं चालू आहे. चेंडू ग्लोव्हच्या बरोबर खळग्यात बसला की जो 'थप्प' आवाज येतो, त्यासाठी मी अजून मैदानावर जातो.

आता तबकड्या. इथं मी जास्त बोलणार.

तुमच्या पेटीतल्या रेकॉर्डी कुठल्या प्रकारच्या, ते आधी ओळखा. जड, ठिसूळ, काळ्या, एका बाजूला तीनेक मिनिटं वाजणाऱ्या दहा इंची म्हणजे ७८च्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. त्या लाखेच्या असतात, हातातून पडल्या की कपबशीसारख्या फुटतात. हलक्या, लवचिक, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं चालणाऱ्या बारा इंची त्या एलपी, त्या व्हिनाइलच्या. दोघींची सुई वेगळी. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) स्टायलस, म्हणजे सुई, लागते, एलपीला एक मिल किंवा त्याहून बारीक. एलपीच्या सुईनं ७८ वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी घासत राहते, खरखर वाढते आणि सुईही जाते. भोंग्याचा किंवा पेटीचा ग्रामोफोन घरात असेल तर तो पाहुण्यांना दाखवायला ठेवा. त्याचं सुई धरणारं साउंडबॉक्स इतकं जड असतं की चांगली रेकॉर्ड दरवेळी थोडी झिजते. वाजवायचाच मोह झाला तर पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवी घाला आणि रेकॉर्ड एखादी झिजलेलीच लावा.

धुण्याबद्दल माझी एक चूक ऐका. सुरुवातीच्या काळात एका ७८वर बुरशीसारखे डाग होते. मी शाळेच्या प्रथमोपचार पेटीतलं स्पिरिट कापसावर घेऊन पुसलं. कापूस काळा झाला, मला वाटलं घाण निघतेय. निघत होती ती रेकॉर्ड. सुतार फर्निचरला पॉलिश करताना चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्या क्षणी डोक्यात आलं नाही. हिराबाई बडोदेकरांची एक बाजू त्या दिवशी गेली. तेव्हा ७८ला स्पिरिट अजिबात नाही. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, लगेच मऊ कापडानं टिपायचं आणि सावलीत उभं वाळवायचं. एलपीला डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

दुसरी चूक उन्हाची. एका उन्हाळ्यात घराला रंग द्यायचा म्हणून मी दहा एलपी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आडव्या, एकावर एक ठेवल्या. चार दिवसांनी आणायला गेलो तर सगळ्यात वरची भजी ठेवायच्या ताटलीसारखी वळली होती. आपल्याकडे पारा ४४च्या वर जातो आणि पत्र्याखाली किती, ते मोजायची हिंमतही होत नाही. रेकॉर्डी नेहमी उभ्या, घट्ट पण दाबलेल्या नाहीत, आतल्या भिंतीलगत. बंद गाडीत तर अर्धा तासही नकोत. एक गोष्ट मात्र सोलापूरच्या बाजूनं आहे. हवा कोरडी. कोकणातल्या माझ्या एका मित्राच्या निम्म्या रेकॉर्डींना बुरशी लागलीय, माझ्या मात्र बऱ्यापैकी स्वच्छ आहेत. आपला शत्रू धूळ आणि सुताची लव.

सुतावरून आठवलं. मी पूर्वी जिथं राहायचो तिथं भिंतीपलीकडे पॉवरलूम होते. टेबलावर टर्नटेबल ठेवला की मागाची खटखट जमिनीतून पायात, पायातून टेबलात आणि टेबलातून सुईत. रेकॉर्डिंग करून ऐकावं तर केसरबाई केरकरांच्या तानेला कुणीतरी बाहेरून ठेका धरलाय असं वाटायचं. रात्री भारनियमनात माग बंद व्हायचे, पण तेव्हा माझीही वीज गेलेली. इन्व्हर्टरवर चालवून पाहिलं तर सगळ्या आवाजाखाली भुणभुण. शेवटी दोन गोष्टी केल्या. टेबलाऐवजी भिंतीत दगडी फळी बसवून घेतली, आणि महत्त्वाची कामं मागाच्या आठवडी सुट्टीच्या दिवशीच. आजही माझ्या संगणकातल्या बहुतेक फायलींच्या तारखा त्याच वाराच्या आहेत.

संगणकावर उतरवून घ्यायचं असेल तर जसं वाजतंय तसं, खरखरीसकट, २४ बिट ९६ किलोहर्ट्झला उतरवा आणि ती फाइल कधीच बदलू नका. खरखर काढायची सॉफ्टवेअर मिळतात, पण ती हात सैल सोडली की तंबोरा आधी खातात आणि मग आवाजातला श्वास. साफ करायची ती प्रत वेगळी ठेवा. एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावी. माझी पुण्याला मुलीकडे असते. आणि वेग तपासा. १९२५च्या आधीच्या कितीतरी रेकॉर्डींवर ७८ लिहिलं असलं तरी त्या तेवढ्याच वेगानं कापलेल्या नसतात. बुवांचा आवाज खारीसारखा चिरका वाटला तर दोष बुवांचा नाही. हार्मोनियम जवळ ठेवा, गायकाचा सा कुठं लागतोय ते बघा, त्याच गायकाच्या दुसऱ्या रेकॉर्डींशी ताडा आणि वेग कमी-जास्त करा.

आता पेटीतलं गाणं. हिंदुस्थानात तबकडीवरच्या रेकॉर्डिंगची सुरुवात झाली ती १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला. फ्रेड गायझबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस आला होता आणि त्याच्या भोंग्यात गौहरजान गायली. शेवटी तिनं आपलं नाव इंग्रजीत पुकारलं. मेणाचे साचे तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथल्या कारागिराला नाव कळायला ती सोय होती. १९०८ला कलकत्त्यातच कारखाना निघाला तरी ही सवय काही वर्षं टिकली. तुमच्या पेटीत एखाद्या गाण्याच्या शेवटी कुणी घाईघाईनं आपलं नाव सांगून गप्प झालं, तर ती रेकॉर्ड फार जुनी आहे. जपा.

पेटीत अब्दुल करीम खाँसाहेब असतीलच असं गृहीत धरतो. ते मिरजेत राहायचे, आणि मिरज इथून काही लांब नाही. झिंझोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन' मिळाली तर ती सगळ्यात आधी ऐका. हीच रेकॉर्ड ऐकून गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन १९३३ साली गुरू शोधायला घरातून पळाला. गदगहून होटगीला येणारी ती जुनी रेल्वेलाइन आपल्या दारातून जाते, त्यामुळे मला ही गोष्ट नेहमी गावातलीच वाटते. भैरवीतली 'जमुना के तीर' मिळाली तर ती रात्री ऐका.

बैठकीत तासभर चालणारा राग तीन मिनिटांत कसा बसवायचा, ही त्या पिढीपुढची अडचण होती. काही गवयांनी नुसतं भरभर गाऊन घेतलं, ते ऐकताना धाप लागते. करीम खाँसाहेबांनी काय सोडायचं ते ठरवलं. तीन मिनिटांत त्यांना कसलीही घाई नसते. केसरबाईंचं आणखी वेगळं. त्यांची भैरवीतली 'जात कहाँ हो' १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली आणि आता ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. तीही साडेतीन मिनिटांच्या आसपासच.

खेळ आणि गाणं म्हणजे शेवटी एकच, असं म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो. एक नाही. पण ह्या वेळेच्या बाबतीत मला अलीकडे गंमत वाटली. बेसबॉलला घड्याळ नव्हतं, हे आम्हा जुन्यांचं मोठं अभिमानाचं कलम. २०२३ला अमेरिकेत पिचरसाठी घड्याळ लावलं: बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. नऊ डावांचा सामना सरासरी तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. मी चिडलो होतो. महिन्याभरानं लक्षात आलं, चांगले पिचर करीम खाँसाहेबांसारखे वागतायत. नको ते हातवारे गेले, चेंडू तेच राहिले. घाईघाईत भरभर गाणारे पिचरही आहेत, ते पहिल्या डावातच ओळखू येतात.

एलपीच्या काळापासून जमवायला सुरुवात करणार असाल तर तीनच सांगतो. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली. त्यांचीच मेघ आणि ललित. आणि किशोरीताईंची भूप-बागेश्रीची. ललित मी सामन्याच्या पहाटे ऐकतो. साडेचारला लवकर उठलोच, आणि तिकडं पाऊस पडून सामना थांबला, तर ललित. मैफिलींना पहाटेचे राग ऐकायला कुठं मिळतात? ती वेळच आपल्याला बेसबॉलमुळे लाभते. बाकी हंगाम आपोआप वाटून घेतात: नोव्हेंबरच्या सुरुवातीला वर्ल्ड सिरीज संपते, डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव असतो, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जायचं. मार्चअखेरपर्यंत रेकॉर्डी, मग पुन्हा खेळ. घरच्यांना 'एक धर' म्हणायला जागाच राहत नाही.

रेकॉर्डी कुठं मिळतात? जुने वाडे आणि बंगले मोकळे होताना. भंगारवाल्यांना सांगून ठेवा, पण 'शास्त्रीय' म्हणून सांगू नका, 'जुन्या' म्हणा, नाहीतर भाव चढतो. मंडपवाले, लाउडस्पीकरवाले यांच्याकडे ढीग असायचे, पण लग्नात वाजून वाजून त्यांच्या खाचा राखाडी झालेल्या. रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरून बघा. खाच काळी चमकली तर घ्या, राखाडी दिसली तर हात जोडा. ७८ बोटावर तोलून हलकी टिचकी मारा, माठ घेताना मारतो तशी. आवाज बद्द आला तर कुठंतरी केसाएवढी चीर आहे.

पैशाचं माझं एक गणित आहे. महिन्याला एका कुटुंबानं बाहेर एकदा जेवायला जाण्याएवढा खर्च, त्यापुढं नाही. आणि जागा भरली की एक आली तर एक जाईल. एकदा मी हा नियम मोडून एका विक्रेत्याकडून न बघता पेटी मागवली. 'उत्तम अवस्था' म्हणून आलेल्या चाळीसपैकी अकरा फुटलेल्या निघाल्या आणि फोन उचलायचं त्यानं बंद केलं. तेव्हापासून हातात धरल्याशिवाय घेत नाही.

वहीत काय लिहायचं ते सांगतो आणि थांबतो. कंपनी, लेबलवरचा नंबर, लेबलच्या बाहेर गुळगुळीत भागात कोरलेला बारीक नंबर. तो मॅट्रिक्स नंबर, आणि लेबलपेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेवा. मग गायक, राग, ताल, बंदिशीची पहिली ओळ. रागाचं नाव लेबलवर आहे म्हणून उतरवू नका, ऐकून लिहा. चुकीची लेबलं भरपूर असतात. कुणाकडून मिळाली. आणि प्रत्येकीपुढं चार ओळी मोकळ्या सोडा. ऐकाल तेव्हा तारीख घालून एकच गोष्ट लिहायची, जी आधी ऐकू आली नव्हती. माझ्या वहीत 'जमुना के तीर'पुढं २३ तारखा आहेत. २०११ची नोंद एवढीच: 'मागची साथ आज पहिल्यांदा नीट ऐकली.' सतरा वर्षं ती रेकॉर्ड घरात होती.

उतरवलेली गाणी कुणाला द्यावीत का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ती रेकॉर्ड बाजारात आली त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. त्यामुळे ७८च्या बहुतेक रेकॉर्डी मोकळ्या झाल्या आहेत, नंतरच्या एलपी नाहीत.

राहिली ती तडकलेली. फेकू नका. चीर काठापासून लेबलपर्यंत गेली असेल पण तुकडे सुटले नसतील तर ती अजून वाजते. एक बाजू एकदाच वाजवायची, त्याच वेळी उतरवून घ्यायची. सुई दरवेळी चीर ओलांडताना टिक करेल, मिनिटाला ७८ वेळा, आणि त्यामागून गाणं येत राहील. टर्नटेबल नसेल तर माझ्याकडे घेऊन या. प्रवासात आडवी, दोन पुठ्ठ्यांच्या मधे, भोवती चादर. पहाटे साडेचारलाच या, खिडकीत दिवा दिसेल. आधी सामना लिहू; नऊ डावांत संपला तर उजाडता-उजाडता तुमच्या आजोबांची रेकॉर्ड लावू.